बोटांवरचा बर्फ

नागपूरच्या माणसाला मे महिन्यात तुम्ही शिवी द्या, तो एक वेळ ऐकून घेईल. पण त्याच्या गाडीचा एसी बंद पडला तर तो कोणाचंच ऐकत नाही. पंचेचाळीस डिग्रीत, जाळीतून येणारी गरम हवा तोंडावर घेत तो कामठी रोडला लागतो आणि दहा नंबर पुलियाच्या अलीकडे एका निळ्या पत्र्याच्या शेडसमोर गाडी उभी करतो. शेडवर ‘गजभिये कार एसी’ अशी पाटी आहे. ती कोणी वाचत नाही. ‘बर्फवाले भैय्याजी कुठं बसतात’ असं विचारलं की कोपऱ्यावरचा पानठेलेवाला नुसत्या हनुवटीनेच शेड दाखवतो.

हे नाव भैय्याजींनी स्वतः कमावलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी शेड टाकलं तेव्हा गाडीत एसी असणं ही साहेब लोकांची चैन होती आणि गॅस भरणारे बरेच मिस्त्री हातचलाखीचे होते. अर्धामुर्धा गॅस भरायचा, गाडी आठ दिवस थंड, नवव्या दिवशी पुन्हा तंदूर. दुधाने तोंड पोळलेली गिऱ्हाइकं मग ताकही फुंकून पीत. म्हणून भैय्याजींनी एक युक्ती काढली. डाव्या हाताची बोटं मगातल्या पाण्यात बुडवायची, गॅसची डबी उलटी धरायची, नळी बोटांवर रोखायची आणि चावी किंचित सोडायची. फुस्स असा आवाज व्हायचा, पांढरा धूर निघायचा आणि बघता बघता बोटांवर बर्फ धरायचा. तीच बोटं गिऱ्हाइकाच्या गालाला टेकवून भैय्याजी म्हणायचे, “घ्या साहेब, काश्मीर.”

गिऱ्हाइक हसलं की निम्मं काम तिथंच झालेलं असायचं. पुढे पुढे लोक बायकामुलांना घेऊन यायला लागले. एकदा वरातीची गाडी दुरुस्तीला थांबली, तर खुद्द नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून गाल पुढे केला. कुठल्याही गाडीचं काम झालं आणि बर्फ दाखवायचा राहिला, तर गिऱ्हाइकाला आपण फसवले गेलो असं वाटायचं. खरं तर त्या बर्फाने काहीच सिद्ध होत नव्हतं. पण हे भैय्याजींना त्यांच्या मुलीने सांगितलं, आणि तेही फार उशिरा.

मुलगी म्हणजे नंदिनी. वय सव्वीस. आयटीआय केलं, मग शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तीन वर्षं एसीचं काम केलं. गॅस कसा हाताळायचा याचं रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षेत पहिली आली. आणि पहिली आल्यावर तिथल्या मॅनेजरने तिला काउंटरवर बसवलं. गिऱ्हाइकांना बाईने गाडी उघडलेली आवडत नाही, असं त्याचं म्हणणं. नंदिनीने महिनाभर काउंटरवर पावत्या फाडल्या आणि दिवाळीच्या आधी राजीनामा देऊन ती बापाच्या शेडमध्ये उभी राहिली. सोबत एक लाल रंगाचं यंत्र घेऊन आली.

ते यंत्र गाडीतला जुना गॅस ओढून टाकीत साठवायचं. भैय्याजींची पद्धत सोपी होती. जुना गॅस म्हणजे नळी ढिली करायची आणि आकाशात सोडून द्यायचा. नंदिनीने सांगितलं की हा गॅस वर जाऊन कोळशाच्या धुराच्या हजार पटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. भैय्याजी म्हणाले की नागपूर त्यांच्या आजोबांच्या काळापासून तापतंय, त्याचा गुन्हा आता त्यांच्या माथी मारू नये. तिने शेजारच्या वेल्डिंगवाल्याला त्याची भट्टी शेडपासून लांब न्यायला लावली, कारण या गॅसला ज्योत लागली की त्याचं विष होतं. गॅसच्या टाक्या उन्हातून उचलून तिने सावलीत ठेवल्या. स्वतः डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे. आणि दुसऱ्याच दिवशी ती बापाला म्हणाली की चुलीच्या सिलिंडरचा गॅस बोटांवर सोडला तरी असाच बर्फ जमतो. बर्फ दिसला म्हणजे गॅस चांगला, असं काही नसतं. यावर भैय्याजी दुपारच्या चहापर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

गिऱ्हाइकांची तऱ्हा त्याहून न्यारी. यंत्र आवाज करत नव्हतं, धूर काढत नव्हतं. फुस्स ऐकल्याशिवाय जुना गॅस निघाला हे कोणाला पटेना. महाल भागातले विश्वनाथराव, आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली तपासलेला माणूस, त्या यंत्राकडे पाहून हळूच विचारते झाले की ही बाई आमचा गॅस काढून कुठं नेते? नंदिनीने वजनाचा आकडा दाखवला, किती निघाला, किती भरला. विश्वनाथरावांनी आकडा दोनदा वाचला, मान हलवली आणि भैय्याजींकडे वळून म्हणाले, “ते असू द्या. तुम्ही जरा बर्फ दाखवा.”

भैय्याजींनी दाखवला. आणि इथे खरं सांगायला हवं, त्यांना ते आवडलं. पोरगी शिकलेली, हुशार, त्यांना तिचा अभिमान होताच. पण लोक तिच्यापाशी घटकाभर थांबून शेवटी आपल्याकडे वळतात, हे पाहून छातीत एक गोड कळ यायची. घरचीच स्पर्धा, घरचाच विजय. माणसाचं मन असं असतं, त्याला काय करणार.

पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी भैय्याजींची एक मूठ झाकलेली होती. डाव्या हाताची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा ग्लास त्यांनी डाव्या हातात धरला आणि पत्नी कौशल्या ओरडली की अहो, तो उकळता आहे. भैय्याजींना काहीच कळलं नव्हतं. ग्लास खाली ठेवल्यावर मधल्या दोन बोटांची कातडी लाल झालेली दिसली, दुखली मात्र नाही. मग हळूहळू सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली. खिशातलं नाणं एकचं की पाचचं ते बाहेर काढल्याशिवाय समजेना. साखर झाली असेल म्हणून ते कोणाला न सांगता रक्त तपासून आले. साखर नव्हती. डॉक्टरने काम काय करता विचारलं, तर भैय्याजी म्हणाले, “दुकान हाये.” डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. काम काय ते त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर उत्तर काय येईल हे त्यांना ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं, दिवसाला पाच-सात वेळा, त्याच बोटांवर बर्फ.

एसीच्या मिस्त्रीचं सगळं काम हाताने चालतं. कोणता पाइप गरम, कोणता थंड, किती गरम, किती थंड, हे बोट लावून कळतं, गेज नंतर. भैय्याजींनी यावरही तोड काढली. ते पाइपाला गाल लावायला लागले. बोनेटमध्ये वाकायचे, डोळे मिटायचे आणि गाल टेकवून सांगायचे, “कॉम्प्रेसर थकला.” लोकांना वाटलं ही आणखी वरची पायरी. भैय्याजी आता नुसत्या गालाने रोग ओळखतात, अशी ख्याती पार कळमेश्वरपर्यंत गेली. ज्या गोष्टीचं रडू यावं तिचंच असं कौतुक होत होतं, आणि भैय्याजी ते मुकाट्याने घेत होते.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी भैय्याजी रबरी वायसर आणायला इतवारी बाजारात गेले होते. गल्लीत हातगाड्या अडकल्या आणि परतायला बारा वाजले. शेडसमोर गर्दी दिसली. आधी त्यांना वाटलं काही अपघात झाला, मग टाळ्या ऐकू आल्या.

शाळेच्या चार व्हॅन चालवणारा रविंद्र आला होता. शाळा उघडायच्या आत त्याला चारही गाड्यांचे एसी करून घ्यायचे होते. भैय्याजी नाहीत म्हटल्यावर तो परत निघाला. नंदिनीने अडवलं, तर तो दिलखुलास माणूस हसून म्हणाला की बाप बर्फ दाखवते, तू दाखव, चारही गाड्या तुझ्याच हातानं करून घेतो. सहा महिने हेच ऐकलेल्या त्या पोरीने काय केलं असेल? तिने मोजा काढला, बोटं भिजवली आणि डबी उलटी केली.

भैय्याजी गर्दीतून पुढे आले तेव्हा तिच्या बोटांवर बर्फ होता आणि ती रविंद्रच्या ड्रायव्हरच्या गालाला बोट लावत होती. बापाला पाहून तिचा चेहरा उजळला. इतकी मोकळी ती दिवाळीपासून एकदाही हसली नव्हती.

“पाहा बाबा,” ती म्हणाली, “तुमच्यापेक्षा जास्त जमला.”

आणि भैय्याजींनी टाळी वाजवली. नको होती वाजवायला. त्या क्षणी पुढे होऊन तिचा हात धरायला हवा होता, हे त्यांना तेव्हाच कळत होतं. पण सगळे वाजवत होते, पोरगी खुशीत होती, आणि तोंडातून निघालं, “वा वं, माही पोरगी.” ती टाळी त्यांना पुढे कितीतरी दिवस कानात ऐकू येत राहिली.

त्यानंतर पंधरा दिवसांत चित्र पालटलं. बाप-लेक दोघंही बर्फ दाखवतात, आणि लेकीकडे यंत्रही आहे, अशी बातमी पसरली. लोक नंदिनीला नावाने विचारू लागले. विश्वनाथरावांनी शेजाऱ्याची गाडी तिच्याकडे पाठवली. गॅस ओढताना ती चष्मा घालायची, मोजे घालायची, सगळं नियमाने. आणि शेवटी दोन मिनिटं मोजा काढून तो खेळ करायची. भैय्याजी पाना हातात धरून ती दोन मिनिटं दुसरीकडे बघायचे.

मग एका दुपारी दोघं डबा खायला बसले. कौशल्येने भाकर आणि वांग्याची भाजी दिली होती. नंदिनीने घास मोडला, थांबली, डावा हात झटकला आणि बोटांवर फुंकर मारली.

“काय झालं?” भैय्याजींनी विचारलं.

“काही नाही. हे मधलं बोट. दोन दिवसांपासून मुंग्या येऊन राहिल्या.” ती हसली. “तुमच्या बोटाले होते का गा असं कधी, बाबा?”

उत्तर अगदी जिभेवर होतं. पण इतकी वर्षं जपलेली गोष्ट अशी भाकरीच्या घासाबरोबर सांगता येत नाही. शिवाय सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ज्या हातावर मी नाव कमावलं तो हात आता कामाचा नाही? की तू बरोबर होतीस आणि मी गाढव?

“मले काय होते?” ते म्हणाले. “इतके वर्षं झाले.”

नंदिनीने मान हलवली आणि निश्चिंत होऊन जेवली. भैय्याजींनी उरलेली भाकर डब्यात परत ठेवली. आजवर ते गप्प राहिले होते, खोटं बोलले नव्हते. आज पोटच्या पोरीला, तिच्या हाताबद्दल, खोटं सांगितलं. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटली की बहुतेक पुरुष जे करतात तेच त्यांनी केलं. ते चिडले. संध्याकाळी शटर ओढताना त्यांनी फर्मान काढलं.

“उद्यापासून बर्फ बंद.”

“काहून?”

“मी म्हणतो म्हणून.”

नंदिनी कुलूप हातात घेऊन उभी राहिली. “दिवाळीपासून मी हेच सांगून राहिली, तवा तुम्ही हसले. आता लोक माह्या हातानं काम मागून राहिले, तवा बंद करायचा हाये. तुम्हाले माहं नाव झालेलं पाहवत नाही का, बाबा?”

त्यात निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं सांगितलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण त्यांनी स्कूटरला लाथ मारली आणि घराची वाट धरली. नंदिनी मागून बसने आली आणि सरळ आत गेली.

घरी दिवे लागले होते. कौशल्या तांदूळ निवडत होती. भैय्याजी तिच्यापाशी बसले आणि उजव्या हाताने ताटातले खडे वेचू लागले. मग म्हणाले की पोरगी म्हणते मी जळतो तिच्यावर. कौशल्येने मान वर न करता विचारलं की मग तुमच्या बोटांचं तिला सांगितलं की नाही.

भैय्याजींना कळेना. हिला कसं माहीत? कौशल्या म्हणाली की दोन वर्षांत घरात बटणांचा एक सदरा आला का, ते आठवा. टी-शर्ट कोण आणतं? भैय्याजींना आजवर वाटत होतं की आपण मोठ्या शिताफीने बटणं टाळली. ती बिचारी बाजारातून निवडून निवडून बिनबटणांचे कपडे आणत होती आणि त्यांची मूठ त्यांच्यासाठी झाकून ठेवत होती.

“माह्यापासून लपवलं, चाललं,” कौशल्या म्हणाली. “मी काही तुमचं पाहून हात गोठवत नाही. पोरगी गोठवते.”

एवढंच बोलून ती तांदूळ धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊलाच ऊन डोळ्यांवर यायला लागलं होतं. रविंद्र तिसरी व्हॅन घेऊन आला होता, सोबत त्याचे दोन ड्रायव्हर. विश्वनाथराव आपल्या गाडीचा पट्टा बदलून घ्यायला येऊन बाकावर बसले होते. नंदिनीने व्हॅनमधला गॅस ओढला, वजन करून भरला, पाइप तपासले. सगळं चोख. मग तिने बापाकडे एकदा सरळ पाहिलं, मोजा काढला आणि बोटं मगात बुडवली. ड्रायव्हर हसत पुढे सरकला, गाल तयार.

भैय्याजी उठले. त्यांनी तिच्या हातातून डबी घेतली, चावी घट्ट बंद केली आणि डबी फळीवर ठेवून दिली.

“बाबा, लोकांसमोर नको,” नंदिनी हळू आवाजात म्हणाली.

“लोकांसमोरच पाह्यजे,” भैय्याजी म्हणाले. “त्यांच्यासमोरच सुरू केलं होतं मी.” मग ते वळून रविंद्रला म्हणाले, “आज खेळ दुसरा हाये. मी डोळे मिटतो. पोरगी माहं एक एक बोट धरन, आन् कोणतं धरलं ते मी सांगन.”

रविंद्रला मजा वाटली. विश्वनाथरावांनी चष्मा पुसून लावला. नंदिनी मात्र कपाळाला आठ्या घालून उभी होती. बाप आता आपल्यावर कडी करायला नवा तमाशा काढतोय, असंच तिला वाटलं असणार. पण चार माणसांत बापाचा शब्द कसा मोडायचा म्हणून ती पुढे आली. भैय्याजींनी डोळे मिटले आणि आधी उजवा हात पुढे केला.

“करंगळी,” ते म्हणाले. मग, “अंगठा.” मग, “मधलं.” तिन्ही बरोबर. ड्रायव्हरने टाळी वाजवली.

त्यांनी डावा हात पुढे केला. रात्रभर त्यांनी हे मनात मांडून ठेवलं होतं. मधली दोन बोटं गेलेली आहेत हे त्यांना माहीत होतं. ती धरली की आपल्याला सांगता येणार नाही, पोरगी दचकेल, मग तिला सगळं सांगायचं. अंगठ्याजवळचं बोट मात्र ठीक होतं. ते तिला शेवटी धरायला लावायचं आणि सांगायचं की बघ, हे एक वाचलं, आता तुझी चारही वाचव. बोलणं असं पाठ करून ठेवलेलं बरं असतं, असं त्यांना वाटलं होतं.

“अंगठा,” ते म्हणाले. ड्रायव्हरने पुन्हा टाळी वाजवली.

मग काही झालं नाही. कामठी रोडवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. शेडमधला पंखा खडखडत होता. भैय्याजी वाट पाहत राहिले. आता तिने मधलं धरलं असेल, असा अंदाज करून ते डोळे न उघडता म्हणाले, “कोणतं धरलं ते मले समजून नाही राहिलं, बेटा. ते मधले दोन गेलेले हायेत. दोन वर्षं झाले. बर्फानंच गेले. काल तू विचारलं तवा मी खोटं बोललो.”

टाळी थांबली. बाकावर विश्वनाथराव खाकरले.

“घाबरू नको,” भैय्याजी म्हणाले. “बाकीचं ठीक हाये. आता ते मधले सोड. अंगठ्याजवळचं धर. ते मी सांगतो बरोबर.”

ते थांबले. पंखा फिरत होता. त्यांनी सगळं ध्यान त्या बोटावर आणलं, पाइपावर गाल ठेवताना आणायचे तसं.

“धर ना वं.”

“बाबा,” नंदिनी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी जवळून आला. “तेच त धरून आहो मी. कवापासून.”

भैय्याजींनी डोळे उघडले. त्यांच्या अंगठ्याजवळच्या बोटाभोवती तिची मूठ होती. नुसती धरलेली नव्हती, आवळलेली होती; तिच्या अंगठ्याचं नख त्यांच्या बोटाच्या टोकात रुतलं होतं आणि तिथली कातडी पांढरी झाली होती. त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं. आपलं बोट, आपल्या हाताचं, आणि तिथे काहीच नव्हतं. हे बोट केव्हा गेलं, ते त्यांना कळलंच नव्हतं. गालावर काम भागवायच्या नादात त्यांनी त्याची कधी चौकशी केली नव्हती.

पाठ केलेलं सगळं बोलणं ते विसरले. त्यांना भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी, आणि ती स्वतःच्या बोटाची नव्हती. त्यांनी उजव्या हाताने तिचा डावा हात ओढून घेतला. तो अजून मगातल्या पाण्याने ओला होता. त्यांनी तिची करंगळी धरली आणि नखाने टोचली.

“लागलं?”

“लागलं.”

पुढचं बोट. “लागलं?”

“लागलं, बाबा.” ती रडत होती आणि रडताना तिने तोंड लपवलं नाही.

मधलं बोट. भैय्याजींनी टोचलं. रविंद्र, त्याचे ड्रायव्हर, विश्वनाथराव, सगळे त्या एका बोटाकडे बघत होते. बर्फ पाहायला आलेली माणसं ती, कोणालाही आता बर्फ नको होता.

“थोडं कमी,” ती म्हणाली. “पण लागलं.”

“खरं सांग.”

“खरंच लागलं.”

त्यांनी पुन्हा टोचलं, जोरात, इतकं जोरात की तिने हात मागे खेचला आणि “आई गं” म्हणाली. भैय्याजींनी हात सोडला नाही. त्यांनी तिसऱ्यांदा टोचलं, आणि तिने पुन्हा ‘आई गं’ म्हणावं म्हणून वाट पाहत उभे राहिले.